दस्ता, चॅसी आणि पावसाळ्यात फुगणारं दार

पावसाळ्यात दार फुगतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जुलैत खांदा लावून ढकलायचं, आणि दिवाळीनंतर तेच दार एका बोटाने बंद होतं. कोकणातल्या घरांत तर दरवर्षी सुताराने रंधा मारून मारून चौकटीशी एक फटच पडलेली असते. लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकलं की आक्रसतं. आणि गंमत म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं नाही. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, आडवं मात्र भरपूर. म्हणून दार रुंदीला वाढतं, उंचीला नाही.

आता कल्पना करा, की या फुगणाऱ्या लाकडाने एक पोलादी नळी घट्ट धरून ठेवली आहे आणि त्या नळीतून सुटणारी गोळी ८०० मीटरवरच्या ताटलीएवढ्या ठिकाणी लागायला हवी. बंदुका बनवणारे लोक निदान दोनेकशे वर्षं या एका भानगडीशी झगडत होते. आज त्या झगड्याबद्दल.

विषय डोक्यात आला तो असा. आमच्या टीममधला एक अमेरिकन सहकारी शनिवार-रविवार नेमबाजीच्या स्पर्धांना जातो. त्याने एकदा नव्या रायफलचा फोटो पाठवला. लाकूड कुठेच नाही! ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याला भोकं, मागे ॲलन पान्याने वरखाली होणारी गालाची पट्टी. एकूण प्रकार सायकलच्या फ्रेमसारखा. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "चॅसी." आपल्याला चॅसी नंबर माहीत असतो तो आरटीओच्या कागदावरचा. रायफलला चॅसी? मग काय, दोन-तीन वीकेंड त्यात गेले.

आधी थोडी ओळख करून घेऊ. रायफलचे ढोबळमानाने तीन भाग. पहिला भाग नळी. दुसरा भाग ॲक्शन, म्हणजे काडतूस आत कोंबायची, कोंडायची आणि उडवायची यंत्रणा. आणि तिसरा, ज्यात हे दोन्ही बसवलेलं असतं आणि जो आपण खांद्याला लावतो तो दस्ता. गोळी नळीतून जाते तेव्हा नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते. डोळ्याला दिसत नाही, पण थरथरते. दर वेळी ती अगदी सारखी थरथरली तर काही बिघडत नाही, नेम त्या हिशेबाने लावून घेता येतो. पण दस्त्याचं लाकूड फुगून नळीला एका बाजूने टेकलं, तर तारेवर कुणी बोट ठेवल्यासारखं होतं. सूर बदलतो. कोनाचा एक 'मिनिट', म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा फरक पडला तर १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर चूक होते. ८०० मीटरवर तीच २३ सेंटीमीटर. काल रात्री पाऊस पडला म्हणून!

तरीही लाकूडच का? कारण दुसरं होतं काय? लाकूड हलकं, मजबूत, थंडीत हाताला न चावणारं, आणि सुताराला येईल तसं कापता येणारं. त्यातही अक्रोडाचं. ते चिवट असतं, फार फुगत नाही, धक्क्याने चटकन चिरत नाही. चांगल्या दस्त्याचा ठोकळा कापून काही वर्षं नुसता सुकवत ठेवायचे. नंतर त्याला जवसाचं तेल पाजायचं, तेही पुन्हा पुन्हा.

पण खरं कसब होतं बैठक कोरण्याचं. ॲक्शनचा तळ, त्याचे कंगोरे, स्क्रूच्या जागा हे सगळं लाकडात असं कोरायचं की धातू आणि लाकूड यांच्यामध्ये कागदसुद्धा जाऊ नये. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे कारागीर हे कसं करायचे? धातूच्या भागाला दिव्याची काजळी लावायची, तो लाकडात दाबायचा, उचलायचा. जिथे काळा डाग उठला तिथे लाकूड उंच आहे. पटाशीने तेवढंच तासायचं. परत काजळी, परत दाब, परत पटाशी. शेकडो वेळा. एका दस्त्याची बैठक दुसऱ्या बंदुकीला चालायची नाही, कारण दोन बंदुकांचे धातूचे भागही हुबेहूब सारखे नसायचे. प्रत्येक बंदूक म्हणजे एक वेगळं लग्न.

यात पहिला सुरुंग लावला तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या टॉमस ब्लँचर्डने. हा मुळात बंदुकीच्या नळ्या कातण्याचं यंत्र सुधारत होता. नळी बहुतेक ठिकाणी गोल, पण मागच्या टोकाला सपाट पैलू. तेही यंत्रावर कातायची युक्ती त्याने काढली. गोष्ट अशी सांगतात, की स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात ते यंत्र बघायला कारागीर जमले तेव्हा एक दस्तेवाला म्हणाला, माझी नोकरी काही हा खाऊ शकत नाही, दस्ता काही लेथवर कातता यायचा नाही. ब्लँचर्डने ते ऐकलं आणि घरी जाता जाता त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे, पण १८१९ साली त्याने पेटंट घेतलं हे नक्की.

कल्पना इतकी सोपी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. एका बाजूला नमुन्याचा दस्ता, दुसऱ्या बाजूला कोरा ठोकळा. दोन्ही एकाच वेगाने फिरतात. नमुन्यावर एक गुळगुळीत चाक टेकवलेलं असतं, ते चढउतार वाचतं. तेच चढउतार ठोकळ्यावरचं कापणारं चाक गिरवतं. तिकडे उंचवटा आला की इकडे पातं मागे सरकणार, तिकडे खोलगट तर इकडे आत घुसणार. थोडक्यात कॉपी-पेस्ट! चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीवर आजही हेच तत्त्व चालताना दिसतं. ब्लँचर्ड तिथेच थांबला नाही. १८२० च्या दशकात त्याने स्प्रिंगफील्डला बैठकी कोरण्यापासून भोकं पाडण्यापर्यंत एकेका कामाला एकेक अशी १४ यंत्रांची रांगच लावली. ठोकळा एका टोकाने आत गेला की दुसऱ्या टोकाने दस्ता बाहेर. त्या दस्तेवाल्याचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इंग्रजांना याची जाग यायला तीस वर्षं लागली. क्रिमियाच्या युद्धाच्या तोंडावर बंदुका हव्यात आणि बर्मिंगहॅमचे कारागीर त्यांच्या गतीने काजळी लावताहेत अशी अवस्था होती. १८५४ साली जॉन अँडरसन आणि दोन लष्करी अधिकारी अमेरिकेला गेले, तिथले कारखाने पाहिले, आणि एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी यंत्रांची मोठी ऑर्डर देऊन आले. दस्त्यांची यंत्रं मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी गावच्या एम्स कंपनीची. त्या यंत्रांवर एन्फील्डमध्ये जी बनायला लागली ती १८५३ नमुन्याची एन्फील्ड रायफल. हो, तीच. जिची काडतुसं दाताने तोडण्यावरून १८५७ ची ठिणगी पडली ती. शाळेत आपण काडतुसाची चरबी पाठ केली, पण ते काडतूस जिच्यात जायचं ती रायफल हाताच्या कारागिरीकडून यंत्राकडे जाण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर उभी होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. असो.

यंत्राने दस्ते सारखे झाले. लाकूड मात्र लाकूडच राहिलं. पुढची सगळी कथा या एका वाक्यातून निघते.

आपल्या ओळखीची ली-एन्फील्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री, घ्या. एनसीसीत असलेल्यांच्या खांद्याला ती आठवत असेल. गोळ्या आम्ही झाडल्या त्या पॉइंट टू टू मधून, पण परेडला 'बगल शस्त्र', 'सलामी शस्त्र' करायला हे चार किलोचं धूड असायचं. लाकडाला हातांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलकट घाम लागून एक झिलई आलेली असे. तेव्हा वाटायचं की एवढ्या दणकट वस्तूत नाजूक काय असणार? आणि प्रत्यक्षात या रायफलचा पुढचा दस्ता म्हणजे नाजूकपणाचा कळस होता. नळी लाकडात नुसती ठेवलेली नव्हती, तिला स्प्रिंग आणि खुंटी लावून ठरावीक ठिकाणी ठरावीक दाब दिलेला होता. लाकूड हललं की दाब हलला, दाब हलला की नेम हलला. हे जुळवून देणारे लष्करी आरमोरर हे एक वेगळंच प्रस्थ असायचं.

सगळ्यात भारी गोष्ट चापाची. या रायफलचा चाप धातूच्या ॲक्शनला लावलेला नव्हता. तो लावला होता खालच्या ट्रिगर गार्डला. ट्रिगर गार्ड लाकडाला आवळलेला, आणि लाकूड ॲक्शनला. म्हणजे चाप आणि तो जी कळ सोडतो ती कळ, या दोघांच्या मध्ये लाकूड! लाकूड सुकून आक्रसलं की दोघांतलं अंतर बदलणार आणि चाप ओढायला जड किंवा हलका होणार. आमच्या भाषेत याला कपलिंग म्हणतात. दोन मॉड्यूलनी एकमेकांशी थेट बोलायचं सोडून तिसऱ्याच, बेभरवशाच्या मॉड्यूलमार्फत बोलायचं. हा बग प्रॉडक्शनमध्ये किती वर्षं राहिला? १९४९ पर्यंत. दोन महायुद्धं याच रायफलीवर लढून झाली, आणि मग 'नंबर ४ मार्क २' मध्ये चाप थेट ॲक्शनच्या पोलादाला टांगला गेला. मला विचाराल तर दस्ता ते चॅसी हा सगळा प्रवास या एका बदलात दिसतो. महत्त्वाचं जे काही आहे ते लाकडाच्या तावडीतून सोडवा. बस.

आपल्याकडे हीच रायफल कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या इशापूरला बनली. तिथे आधी दारूगोळ्याचा कारखाना होता, १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी आली. (काडतुसं मात्र आपल्या पुण्याची. खडकीचा कारखाना १८६९ चा, आणि जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं सापडतात ती खडकीची, तेव्हाच्या किर्कीची.) इशापूरच्या रायफलींच्या पुढच्या दस्त्यात एक आडवा जादा स्क्रू मारलेला दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून. जगभरचे जुन्या रायफलींचे संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. हा स्क्रू मला फार आवडतो. नवीन डिझाइन नाही, नवीन मटेरियल नाही, फाटतंय ना मग स्क्रू मारा. अस्सल आपला तोडगा. १९६० च्या दशकात इशापूरने याच रायफलची ७.६२ मिलिमीटरची आवृत्तीही काढली. नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ च होती, आणि समोर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला!

तिकडे ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याला अक्रोड परवडेना, म्हणून त्यांनी कोचवुड नावाचं स्थानिक लाकूड घेतलं. ते मऊ. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ॲक्शन मागे सरकून लाकूड चेपायची. मग जिथे धक्का बसतो तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. जर्मनांनी आणखी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या माउझर रायफलला पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेले थरांचे दस्ते आले. प्रत्येक थर शेजारच्याला आवरून धरतो, म्हणून वाकणं कमी. दिसायला ओबडधोबड, पण युक्ती हुशार. या थरांच्या लाकडाकडे आपण पुन्हा येऊ.

प्लॅस्टिकची सुरुवात युद्धातून झाली नाही हे वाचून मला आश्चर्य वाटलं. रेमिंग्टन ही बंदुकांची कंपनी तेव्हा ड्युपाँ या रसायनांच्या कंपनीच्या मालकीची होती, आणि ड्युपाँकडे नायलॉन होतं. त्यातून १९५९ मध्ये 'नायलॉन ६६' ही पॉइंट टू टू रायफल आली. खेळण्यासारखी दिसते म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी नाकं मुरडली असणार. तरी दहा लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

सैन्याचे डोळे उघडले ते व्हिएतनाममध्ये. अमेरिकन मरीन्सनी १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलीवरून एम-४० ही स्नायपर रायफल घेतली. सुंदर लाकडी दस्ता. आणि पाठवली कुठे, तर जिथे महिनोन्‌महिने पाऊस थांबत नाही अशा जंगलात. आपल्या कोकणातल्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं काय होणार ते. दस्ते वाकले, नळीला टेकले, नेम भटकायला लागले. ज्याचं कामच एका गोळीत चूक न करण्याचं, त्याला रोज सकाळी उठून रायफल कालच्याच जागी मारते आहे का हे तपासावं लागत होतं. आणि शत्रूच्या इतक्या जवळ तपासणार कसं? चाचणीची एक गोळीही जागा उघडी पाडते.

म्हणून १९७० च्या दशकात एम-४०ए१ आली, गेल मॅकमिलनच्या फायबरग्लासच्या दस्त्यात. फायबरग्लास पाणी पीत नाही, विषय संपला. पण बैठक अजून हातानेच घालावी लागे. ॲक्शनखाली इपॉक्सी ओतायचं, ॲक्शन दाबून बसवायची, घट्ट झालं की हुबेहूब साचा तयार. कारागीर तोच होता, काजळी आणि पटाशीऐवजी त्याच्या हातात राळेचा डबा आला होता, एवढंच. पुढची पायरी म्हणजे अमेरिकन लष्कराची १९८८ ची एम-२४. तिच्या केव्हलार-फायबरग्लासच्या दस्त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पुरलेला असे, आणि ॲक्शन त्या ठोकळ्यावर बसे. बाहेरून दस्ता, आतून अर्धी चॅसी.

पूर्ण चॅसीचं श्रेय मात्र इंग्लंडला, आणि तेही एका खेळाडूला.

माल्कम कूपर. १९८४ लॉस एंजेलिस आणि १९८८ सोल, दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं सुवर्णपदक. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन प्रकारे नेम धरायचा तो हा प्रकार. ओळखीचा वाटला? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. (नियम मधल्या काळात बरेच बदलले.) या खेळातल्या रायफली तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. गालाची पट्टी, खांद्याचा आकडा, हाताची मूठ, सगळं मिलिमीटरमध्ये सरकतं. लष्करात उलटं. एकाच मापाचा दस्ता, त्यात सहा फुटी आणि साडेपाच फुटी दोघांनी आपली मान बसवून घ्यायची. कूपरला दोन्हीतला फरक हाडामांसात माहीत होता.

१९७८ मध्ये कूपर, डेव्ह वॉल्स आणि डेव्ह केग यांनी पोर्ट्समथला 'ॲक्युरसी इंटरनॅशनल' नावाची कंपनी काढली. नाव मोठं, कंपनी चिमुकली. ब्रिटिश लष्कराकडे तेव्हा एल-४२ ही स्नायपर रायफल होती. ती कुठली? तर तीच, नंबर ४ ली-एन्फील्ड, ७.६२ ची नळी घालून आणि लाकूड अर्धं कापून. १९८२ च्या फॉकलंड युद्धातल्या चिखलपावसातही तीच वापरात होती. नवी रायफल निवडण्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा पार्कर-हेल या जुन्या नामांकित कंपनीच्या रायफलीसमोर या तिघांची रायफल उभी राहिली आणि निवडली गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ती एल-९६ या नावाने सैन्यात आली.

तिची रचना ऐका. सगळ्या लांबीभर ॲल्युमिनियमचा एक सांगाडा. ॲक्शन त्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली, वर इपॉक्सीने चिकटवलेली. नळी फक्त ॲक्शनला जोडलेली, बाकी हवेत मोकळी, कशालाच न टेकणारी. आणि ज्याला आपण दस्ता समजतो, ते हिरवं प्लॅस्टिक? ती नुसती सालं. साबणाच्या डबीसारखी दोन अर्धी, दोन्ही बाजूंनी स्क्रूने लावलेली. फुटली तर सैनिकाने स्क्रू काढून नवी लावायची, नेमाला काहीही होत नाही. कारण आता नेमाचा आणि बाहेरच्या कवचाचा संबंधच उरलेला नाही. १९४९ ला चाप सुटला होता, इथे सगळीच रायफल सुटली.

शंका अशी येईल की ॲल्युमिनियमही उन्हात वाढतंच की. खरं आहे. तापमानाच्या एका अंशाला ते पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. पण नळी मोकळी असल्यामुळे ते वाढून कुणाला ढकलणार? शिवाय ते सगळ्या दिशांना सारखं वाढतं आणि थंड झालं की पूर्ववत येतं. लाकडाची खोडी अशी की ते पूर्वीच्या जागी परत येईलच असं नाही.

स्वीडिश सैन्याला ही रायफल हवी होती, पण त्यांच्याकडची थंडी म्हणजे बोल्टमध्ये बर्फ होऊन तो अडकायचा. मग बर्फ साचला तरी चालेल अशी सुधारित आवृत्ती झाली, 'आर्क्टिक वॉरफेअर'. स्वीडनमध्ये ती पीएसजी ९० झाली आणि तिथून जगभर गेली. कूपर २००१ मध्ये कर्करोगाने गेला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. खेळातल्या माणसाने, कागदी वर्तुळांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने, आपल्या काळातलं एक अतिशय अचूक मारण्याचं यंत्र बनवलं. यात विरोधाभास आहे का? मला नीट ठरवता आलेलं नाही. ऑलिंपिकमधली नेमबाजी मुळात सैनिकी सरावातूनच आलेली, म्हणजे कूपर आला होता तिकडेच परत गेला असंही म्हणता येईल. पण ब्लँचर्डच्या यंत्राचं मी जितक्या मोकळेपणाने कौतुक केलं तितकं या सालांचं करताना हात थोडा अडखळतो हे खरं.

'चॅसी' हा शब्द मात्र सामान्य नेमबाजांच्या तोंडी बसला तो नंतर, जेव्हा ॲक्युरसी इंटरनॅशनलने आपला सांगाडा सुटा विकायला काढला. एआयसीएस. तुमच्याकडची रेमिंग्टन ७०० घ्या, लाकडी दस्त्यातून दोन स्क्रू काढून ॲक्शन बाहेर घ्या, चॅसीत ठेवा, टॉर्क पान्याने ठरल्या जोराने आवळा. संपलं. इपॉक्सी नाही, काजळी नाही, पटाशी नाही. रेमिंग्टन ७०० १९६२ पासूनची, लाखोंनी विकलेली, तिच्या तळाचा आकार सगळ्यांना पाठ. पुढे इतर कंपन्यांनी आपल्या नव्या ॲक्शनही मुद्दाम त्याच तळाच्या बनवल्या, म्हणजे बाजारातली कुठलीही चॅसी चालावी. गोल ॲक्शन इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत ठेवली की ती दोन रेघांवर आपोआप मध्यावर येऊन बसते. हात कुणाचाही असो.

याहून मजा मॅगझिनची. एआयसीएस सोबत काडतुसांची जी सुटी पेटी यायची, तिचा आकार इतका रुळला की आज 'एआयसीएस पॅटर्न' हे मापच झालं आहे. प्रतिस्पर्धी कंपन्याही तेच माप पाळतात. आपल्या यूएसबीसारखं, फक्त कुठल्या कमिटीने न ठरवलेलं. चॅसीच्या पुढच्या भागाखाली ट्रायपॉडला बसवायची जी लांब खाच असते ती तर चक्क कॅमेऱ्याच्या दुनियेतली, आर्का-स्विसची. ज्यांनी ट्रायपॉडवर डीएसएलआर लावला आहे त्यांनी ती हाताळलेली असेल.

अमेरिकन लष्करानेही २०१० नंतर एम-२४ च्या जागी चॅसीतली एम-२०१० आणली. मरीन्सनी मॅकमिलनचा दस्ता बराच काळ सोडला नाही, पण एम-४०ए६ मध्ये तेही चॅसीवर आले.

मग प्रश्न येतो, चॅसी चांगली की दस्ता? माझ्या सहकाऱ्याला विचारलं तर तो तासभर बोलेल. मला वाचून जे समजलं ते असं. उत्तम बैठक घातलेला चांगला दस्ता आणि चॅसी, यांच्या अचूकतेत फार फरक पडत नाही. चॅसी रायफलला जादूने अचूक करत नाही. वाईट नळी चॅसीतही वाईटच मारते. चॅसीमुळे मिळतं ते वेगळंच. उघडा, साफ करा, परत आवळा, गोळी होती तिथेच. नाशिकचा माणूस आवळो की नॉर्वेचा. आणि आपल्या अंगाला बेतून घेता येते, मागचा भाग दुमडता येतो, हवं ते जोडता येतं. पण त्यासाठी वजन उचला, पैसे मोजा, आणि जानेवारीच्या पहाटे गाल उघड्या ॲल्युमिनियमला लावून बघा. दिवसभर डोंगर चढणारा शिकारी अजूनही हलका दस्ताच घेतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आपल्याकडे इशापूरच्या .३१५ या परवान्यावर मिळणाऱ्या रायफलीचा दस्ताही लाकडीच आहे. .३०३ सैनिकी मापाची म्हणून सामान्य नागरिकाला बंद, म्हणून त्याच ली-एन्फील्डच्या सांगाड्यावर ही वेगळ्या काडतुसाची रायफल बेतली गेली. तिच्यासाठी चॅसी कुणी बनवत नाही.

आणि ते थरांचं लाकूड. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात 'कॅनेडियन रेंजर्स' म्हणून राखीव दल आहे, त्यात मोठ्या संख्येने तिथले मूळ रहिवासी आहेत. १९४७ पासून त्यांच्याकडे नंबर ४ ली-एन्फील्ड होत्या. अस्वलापासून बचाव आणि टेहळणी हे त्यांचं काम. २०१० च्या दशकाच्या शेवटी त्या बदलल्या आणि फिनलंडच्या टिक्का रायफलीवर बेतलेली सी-१९ दिली गेली. नळी नवीन, ॲक्शन नवीन, पोलाद न गंजणारं. चॅसी घेता आली असती. तेव्हा तर बाजार तुडुंब भरला होता. पण दस्ता निवडला तो थरांच्या लाकडाचा, बर्फात दुरून दिसावा म्हणून लालभडक रंगाचा.